क्षितिजाचा बिनचूक वेबिनार

क्षितिजाचा वेबिनार फसणं अशक्यच होतं! वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झालेल्या या मुलीनं सात प्लॅटफॉर्म तपासले, प्रत्येकाला एकोणीस निकषांवर गुण दिले आणि मगच एक निवडला. लग्नाचं स्थळ बघतानाही कुणी इतकी चौकशी करत नाही! विषय होता भातावरचा करपा रोग. बियाण्यांच्या कंपनीतली तिची नोकरी कायम होणार की नाही, ते या एका तासावर ठरणार होतं. तिचे वरिष्ठ दिग्विजयसर स्वतः ऑनलाइन ऐकणार होते.

म्हणून ती कोळवण खोऱ्यात घरोघर फिरली. त्रेचाळीस शेतकऱ्यांना हात जोडून म्हणाली, "रविवारी अकराला नक्की यायचं हं! आणि फोनवरची लिंक उघडायची."

रविवारी भाड्याच्या खोलीचं दार लावून, कानांत इअरफोन घालून ती बसली. डेटा वाचावा म्हणून सगळ्यांना कॅमेरे बंद ठेवायला सांगितलं होतं. अकराला त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हजर! ती "नमस्कार" म्हणाली मात्र, शंभर कुकरनी एकदम शिट्टी द्यावी तसा आवाज उठला.

"काय चाललंय हे?" इअरफोनमधून सर ओरडले.

"सर, प्लॅटफॉर्म उत्तम आहे!" क्षितिजाही ओरडली. "माणसंच अडाणी! यांना साधा आपला माइक बंद करता येत नाही!"

तिनं वैतागून इअरफोन उपटले. तरी शिट्टी चालूच! दाराबाहेरून!

दारावर थाप पडली. घरमालकीण गोजराबाई म्हणाल्या, "पोरी, अडानी मान्सं भाईर बसलीत. च्या किती टाकू?"

अंगणात त्रेचाळीस जण खांद्याला खांदा लावून बसले होते. प्रत्येकाच्या हातात चालू फोन, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात!

"तुम्ही... इथं?"

"घरी येऊन आवतान दिलंस," म्हातारे कोंडाजी म्हणाले. "मंग घरात बसून ऱ्हायाचं व्हय? बरं दिसतं का ते?"

त्यांनी खूण करताच सगळ्यांनी चालू फोन तसेच खिशात, पदरात कोंबले. शिट्टी थांबली. क्षितिजाला करप्याच्या बुरशीचं लॅटिन नाव आठवत होतं, माफीचा एक शब्द आठवेना.

"काका, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तसंच म्हनलीस. त्रेचाळीस फोनांवर ऐकलं की!"

तेवढ्यात दूध डेअरीचा शंभू उठला. "आन ताई, समद्यांचे माइक एकदम बंद करायचं बटन मीटिंग घेनाऱ्याकडंच असतंय. डेअरीची मीटिंग मीच घेतो न्हवं फोनवर!"

क्षितिजानं तोंड उघडलं, तोच खिशाखिशांतून, पदरापदरांतून दिग्विजयसर बोलू लागले, "बरोबर... बरोबर... बरोबर बोलतायत ते!"