गफूर मिस्त्रीचा स्टार्टर

गफूर मिस्त्री माणसांना अरे-तुरे करायचा आणि लाँचच्या स्टार्टरला साहेब म्हणायचा.

धरणाचं पाणी आलं तेव्हा पलीकडची गावं तुटली. त्यांच्यासाठी एक जुनी सरकारी डिझेल लाँच चालायची. तिचा ड्रायव्हर गफूर आणि मिस्त्रीही तोच, रोजंदारीवर. तो पलीकडच्याच गावचा. मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो, आर्णीकडून रोज ये-जा करायचो. बटन दाबलं की इंजिनातून नुसतं 'टक्' वाजायचं. मग गफूर फळी उचलून खाली वाकायचा, स्टार्टरवर हातोडीचे दोन अलगद ठोके द्यायचा आणि अदबीनं म्हणायचा, "उठा साहेब, लोकं खोळंबून राह्यले."

साहेब कधी दुसऱ्या ठोक्याला उठायचे, कधी दहाव्या.

तंबाखूचा खर्रा खाऊन कोणी थुंकायला इंजिनाकडं तोंड केलं, की गफूर त्याला काठावर उतरवून देई. मग तो सरपंच असो की कोणी. एकदा धरणाच्या ऑफिसचे इंजिनिअर पाहणीला आले. "बस तिकडं, हलू नोको," गफूर त्यांना म्हणाला आणि हातोडी घेऊन वाकला. इंजिनिअर चिडले. "मला अरे-तुरे, आणि या लोखंडाला साहेब?"

"हा हातोडीनं तरी उठते," गफूर म्हणाला.

स्टार्टरची मोटर आतून जळत आली होती. नव्या मोटरीसाठी अर्ज मी लिहायचो, मजकूर तो सांगायचा. "लिही मास्तर, मोटर मरून राह्यली. मेल्यावर लिहून फायदा नाही." मी लिहायचो, 'मोटर नादुरुस्त होण्याच्या मार्गावर आहे.' मी वाचून दाखवलं की तो मान हलवायचा. "तुह्या भाषेत कोणी मरतच नाही."

तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. जुनी मोटर आधी जमा करावी, नंतर नवी देण्यात येईल. गफूरनं मोटर काढली, पोत्यात बांधली आणि एसटीनं नेऊन जमा केली. पोचपावती मिळाली. नवी मोटर आली नाही. लाँच गावच्या काठाला बांधलेली राहिली आणि मी मोटारसायकलनं लांबचा फेरा घालून शाळेत जाऊ लागलो. गफूर मात्र रोज लाँचवर जाऊन बसायचा, इंजिन पुसायचा.

कपाशीवर फवारणीचे दिवस आले. गावातला नामदेव दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेऊन फवारत होता. दुपारी त्याला अंधारी आली, उलट्या सुरू झाल्या. लोकांनी त्याला बाजेवर टाकून सवयीनं काठावरच आणलं. वारा सुटला होता, छोट्या डोंग्याचं काम नव्हतं. हातानं हँडल मारून सुरू करायची सोय त्या इंजिनाला नव्हती. तरी गफूर फळी उचलून आत पाहत राहिला. मोटरीच्या जागी भोक होतं.

शेवटी मी शाळेपाशी लावलेली मोटारसायकल काढली. मध्ये नामदेव, मागं त्याला धरून त्याचा भाऊ. रस्ता सगळा खड्ड्यांचा. दवाखाना यायच्या आतच नामदेवची मान माझ्या खांद्यावर पडली.

चौथ्या दिवशी मी शाळेत पोचलो, तर गफूर लाँचमध्ये पालथा पडून काम करत होता. शेजारी एक स्टार्टर मोटर, काळी, तेलकट. बॅटरीची तार आधीच सोडलेली. त्यानं मोटर जागेवर बसवली, तीन बोल्ट आवळले, जाड केबल जोडली, तार परत लावली आणि बटन दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"नवी आली?" मी विचारलं.

"नाही. माह्या मेटॅडोरची हाय. लाँचचं इंजिनबी तशाच गाडीचं, माप एकच."

त्याची मेटॅडोर मला ठाऊक होती. गावचा कापूस जिनिंगला न्यायची. कापसाचे भाव पडले, जिनिंग बंद झालं, तेव्हापासून ती त्याच्या दारात उभी होती. गफूरनं इंजिन बंद केलं. हात पुसले.

"मले वाटे, औंदा भाव आला का गाडी निघन. म्हणून हात नाही लावला. ऑफिसले शिव्या देत बसलो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं काम होतं, मास्तर."

 

शाळा सुटल्यावर तो मला नामदेवच्या घरी घेऊन गेला. नामदेवची आई ओट्यावर बसली होती. गफूरनं तिला सगळं सांगितलं. मोटर आपल्या दारात होती, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडलीही नाही.

"म्हणजे लाँच चालू झाली," ती म्हणाली. "मले उद्या तालुक्याले जाणं हाय. पोराच्या मरणाचा दाखला पायजे म्हणते. किती वाजता सुटते?"

गफूर म्हणाला,

"तू येशीन तवा सुटन, माय."