‘झालं’ नावाचं टूल आणि सासूबाईंचं मंडळ

आमरसपुरीच्या जेवणानंतर माणसानं झोपावं. मी मागच्या रविवारी सासूबाईंच्या कॉम्प्युटरसमोर बसायचं ठरवलं, तिथे चुकलो.

कारण ऑफिसचं होतं. खराडीच्या ज्या कंपनीत मी गेली अठरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो, तिथे जुना कोड आपोआप आवरून देणारं एक टूल घ्यायचं होतं. याला आम्ही रिफॅक्टरिंग म्हणतो. कपाट आवरण्यासारखंच. वस्तू त्याच, मांडणी नवी, आणि घरातल्या माणसांना फरक कळता कामा नये. (आमच्या घरी मी एकदा कपाट आवरलं होतं. फरक कळला.) दोन टूलं शर्यतीत होती. एक प्रत्येक बदलाआधी परवानगी मागायचं, त्याला आम्ही ‘विचारू का’ म्हणायचो. दुसरं काही न विचारता सगळं करून मोकळं व्हायचं, आणि केलेलं परत फिरवायची सोय त्यात नव्हती. त्याचं नाव पडलं ‘झालं’. कुठलं घ्यायचं ते सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मी सांगायचं होतं.

माझ्या टीममधली मैत्री नावाची मुलगी म्हणाली होती, “सर, आपल्याच कोडची कॉपी घेऊन दोन्ही चालवून बघू. टेस्ट आहेत, बिघडलं तर लगेच कळेल.”

मी म्हणालो, “टेस्टवर काय कळणार? टूल खऱ्या आयुष्यात चालवून बघायला हवं.”

आता खरं आयुष्य म्हणजे सासूबाईंचं वधूवर सूचक मंडळ. सरोजिनीबाई ते नारायण पेठेत तीस वर्षं चालवतात. पंधरा वर्षांपूर्वी मी तिथे स्थळं बघायला गेलो, दार अपूर्वानं उघडलं, आणि फाइली बघायच्या राहूनच गेल्या. लग्नानंतर मी आईंना मंडळासाठी एक सॉफ्टवेअर लिहून दिलं. दर सोमवारी सकाळी नऊला ते जुळणाऱ्या स्थळांचे मेसेज पाठवतं. पाच हजार ओळींचा तो कोड इतका गुंतागुंतीचा होता, की गेली पाच वर्षं मीही त्यात पाऊल टाकलं नव्हतं.

आधी ‘विचारू का’ लावलं. ते म्हणालं, इथे स्पेस जास्त आहे, काढू का? हो. हे नाव बदलू का? हो. अशा चारशे बारा विचारणा होत्या. चाळिसाव्या ‘हो’ला माझी मान पडली. जाग आली तेव्हा आई चहा घेऊन उभ्या होत्या.

“जावईबापू, काम झालं असेल तर आत पलंग आहे.”

मी लाजून सगळं पूर्ववत केलं आणि ‘झालं’ लावलं. चहा संपायच्या आत पाच हजार ओळींच्या अठराशे झाल्या. स्क्रीन पूर्वीसारखाच दिसत होता. मी अपूर्वाला अभिमानानं दाखवलं.

“जुन्याची कॉपी ठेवलीस ना?” तिनं विचारलं.

“आहे की,” मी म्हणालो. (होती. नऊ वर्षांपूर्वीची.)

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी मीटिंगमध्ये ‘झालं’ची तारीफ करत होतो. “प्रत्यक्ष वापरात आहे, एकाही माणसाला फरक कळलेला नाही,” असं म्हणतोय तोच अपूर्वाचा फोन आला. कट केला. पुन्हा आला. मग मेसेज आला: “आई विचारतेय, लग्न झालेल्यांना स्थळं पाठवायची योजना तुझी का?”

बॉसला सासूबाईंची तब्येत सांगून मी नारायण पेठ गाठली. (सासूबाई ठणठणीत होत्या. बिघडणार होती ती माझी.)

मंडळात मांजरी गावचे ऊस बागायतदार गेनबा आणि त्यांची बायको विजयमाला बसले होते. आईंनी बारा वर्षांपूर्वी जमवलेलं लग्न. गेनबांनी फोन माझ्यापुढे धरला.

“हे बगा सायेब. ‘आपल्यासाठी सुयोग्य स्थळ’. आन् नाव काय, तर बद्रीनाथ. वय अठ्ठावन. रिटायर.”

मी घाम पुसला. वधू शोधणारा भाग आणि वर शोधणारा भाग जवळजवळ सारखेच लिहिलेले होते. ‘झालं’नं ते एकत्र करून टाकले होते, आणि आता कोणालाही कोणीही चालत होतं.

“वहिनी, गैरसमज करून घेऊ नका,” मी विजयमालाबाईंना म्हणालो. “हे मशीननं केलंय.”

“गैरसमज न्हाई,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पुरुष हाय म्हणून हितं आले. बाई असती तर माहेरी गेले असते. पर माझं इचारनं येगळंच हाय. फारम दोघांनी भरला हुता. ह्यास्नी स्थळ आलं, मला का न्हाई?”

गेनबा छताकडे बघू लागले. आईंनी रजिस्टर उघडलं, चष्मा लावला, स्क्रीनवरची मेसेजची यादी पाहिली आणि म्हणाल्या, “तुमचा नंबर बदललाय, विजयमाला. जुन्या नंबरवर सहा गेलेत.”

“सहा,” विजयमालाबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. त्यानंतर त्यांची कसलीच तक्रार उरली नाही. गेनबांची मात्र सुरू झाली.

तेवढ्यात आईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला. बद्रीनाथ स्वतः होते.

“सरोजिनीबाई, आपण पाठवलेल्या गृहस्थांशी सकाळीच बोललो. माणूस उत्तम आहे. उसाची माहिती फार चांगली दिली. पण मी बायको मागितली होती.”

“दिलगीर आहे,” आई म्हणाल्या. “पुढच्या सोमवारी बघते.”

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. “आमोद, तीस वर्षांत माझ्या मंडळाला कुणी हसलं नव्हतं. आजच्या दिवसात हे निस्तर. नाहीतर उद्या पाटी उतरवते.” आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो.

मैत्रीला फोन लावला. ती लॅपटॉप घेऊन तासाभरात आली. तिनं आणि मी संध्याकाळपर्यंत एकेक ओळ परत उभी केली. अपूर्वानं दोनशे चाळीस विवाहित जोडप्यांना फोन करून माफी मागितली. त्यातल्या तिघांनी चुकून स्थळाचा पत्ताही विचारून घेतला.

“पण लग्न झालेल्यांना वगळायची ओळ गेली कशी?” मैत्रीनं विचारलं.

“‘झालं’ला वाटलं ती वापरातच नाही. मी ती जरा आडवळणानं लिहिली होती.”

“मग ‘विचारू का’नं तरी विचारलं असेल.” तिनं रविवारची नोंद उघडली. सतरावा प्रश्न होता: ‘ही तपासणी कुठे वापरलेली दिसत नाही, पण महत्त्वाची असू शकते. काढू का?’ पुढे माझं उत्तर होतं. हो.

मैत्रीनं नोंद हलकेच बंद केली. हल्लीच्या मुली सुसंस्कृत असतात. दिवेलागणीला सगळं सुरळीत चालू झालं, आईंनी तिला डिंकाचे लाडू बांधून दिले आणि मला पाणी दिलं.

मंगळवारी टूलचा अंतिम अहवाल मैत्रीनं लिहिला, बॉसनं मंजूर केला. एकाच वाक्याचा होता: ‘दोन्हीपैकी कोणतंही टूल चालेल, मात्र आमोद सरांना हो म्हणण्याचा अधिकार देऊ नये.’

मी तो घरी अपूर्वाला दाखवला, म्हटलं जरा सहानुभूती मिळेल. तिनं भाजी निवडता निवडता वाचला आणि कागद परत दिला.

“यांना आत्ता कळलं का? आपल्याकडे पहिल्या वर्षापासून हेच चाललंय.”