पोटच्या पोराचा एप्रन

दवाखान्याच्या एक्स-रे खोलीतला शिशाचा एप्रन छातीवरच फाटला होता. रडणाऱ्या पोरांना धरायला टेक्निशियनला मशीनसमोर उभं राहावं लागे, त्यामुळे त्याला भीती वाटे. त्याने नव्या एप्रनसाठी अर्ज केला. मागणी वाजवी होती, म्हणूनच ती विचाराधीन राहिली.

त्याचं नशीब असं, की अधीक्षकसाहेब नेमके त्याच आठवड्यात एक व्याख्यान ऐकून आले. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्यात साहेबांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मायटोकॉन्ड्रिया माहितीये? पेशीला ऊर्जा पुरवणारा विभाग. त्याचा डीएनए स्वतंत्र. किरण पडले की पेशी सावरते की कोलमडते, त्यात त्याचाही वाटा असतो."

"असेल, साहेब. पण एप्रन..."

"तेच सांगतोय. हा डीएनए आईकडून येतो. म्हणजे विषय आमच्या भांडाराचा नाहीच. तुमच्या मातोश्रींचा आहे."

अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी मातोश्रींकडे रवाना झाला. आईने तो चष्मा लावून वाचला, चपला पायात सरकवल्या आणि दवाखाना गाठला. लिफ्ट बंद होती. पोराच्या काळजीने ती सगळे जिने एका दमात चढली, आणि तिथेच घात झाला.

"या वयात धापसुद्धा नाही!" साहेब भारावले. "असली आई असताना एप्रन कशाला?"

"अहो, मी त्याला जन्म दिलाय, शिसं नाही दिलं!"

तोवर शेरा पडला होता : 'मातृपक्ष भक्कम. एप्रनची आवश्यकता नाही.'

दुसऱ्या दिवशी आई कण्हत, कठडा धरत, दर पायरीला बसत वर आली. साहेबांनी तिला पाणी दिलं आणि शेऱ्यानंतर उद्भवलेला अशक्तपणा ग्राह्य धरता येत नसल्याचं हळहळत सांगितलं.

नवा एप्रन आला, नाही असं नाही. साहेबांच्या आईला जिना चढवत नाही, म्हणून तो साहेबांना मंजूर झाला. तो घालूनच ते फायली तपासतात.

"आणि पोरांना धरायला आत येणाऱ्या नातेवाइकांचं काय?" टेक्निशियनने न राहवून विचारलं.

"त्यांनाही आया असतीलच की!"

आता एक्स-रे खोलीच्या दारावर वळणदार अक्षरांत पाटी आहे : 'आई हेच खरं कवच.' आपण ती वाचतो. आपले डोळे भरून येतात. तिचा फोटो काढून आपण चार जणांना पाठवतो, आणि मग पोराला पोटाशी धरून तसेच मशीनसमोर उभे राहतो.