आधी वांगं, मग मासा

आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला, पण आठ किलोचा एकच. सुकलाल आबांनी तापीतून आणलेला कटला मासा मी त्यांना न विचारता कापून आणला. वय तेव्हा बावन्न. म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं. आता सत्तरी गाठली, तेव्हा कुठे थोडा संशय येऊ लागलाय.

आबा सुरतेजवळ उधन्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. मूळचे खानदेशातले, तापीकाठचे. सुरतेत आले ते संचे चालवायला. यंत्रमागाला इथे संचाच म्हणतात. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. सुट्टी आली की गळ घेऊन नदीवर. "मासे धरायला गेला होतात का?" असं कुणी विचारलेलं खपायचं नाही. "मासा बाजारमा भेटस. मी शिकारले जास!" आणलेली मासोळी करंगळीएवढी असली तरी ती शिकार.

खरी गंमत शिकारीनंतर. ती कापायची कुणी? आबांच्या एका हातात शिकारीची पिशवी असे, दुसऱ्या हातात वांग्यांची. मासळी कापणाऱ्याच्या ठोकळ्यावर ते आधी वांगं ठेवत. "पहिले हाई काप." परीक्षा कडक होती. बी चिरडता कामा नये, फोडी एकसारख्या हव्यात आणि कापताना तोंड बंद.

एकदा मीही सोबत गेले होते. कापणारा गुजराती होता. त्यानं वांगं पाहिलं, आबांना पाहिलं आणि विचारलं, "काका, मच्छी कापवानी छे के शाक?"

"नापास," म्हणत आबा वळले.

"अहो, त्यानं अजून सुरीसुद्धा उचलली नाही!"

"तोंड चालनं ना त्यानं?"

उधना नापास झालं, शेजारचं भेस्तान नापास झालं. एकाला नुसती चप्पल बघून काढून टाकलं. भेस्तानला एकानं मात्र वांगं असं कापलं की मी टाळ्याच वाजवणार होते. आबांनी फोड उन्हाकडे धरून पाहिली, वास घेतला आणि मान हलवली. "भलता चांगला शे. एवढा चांगला माणूसवर भरोसा नही."

शेवटी घरी येऊन स्वतःच परीक्षेला बसत. वांगं कापत, निरखत आणि गंभीरपणे जाहीर करत, "मी बी नापास." मग अख्खी शिकार माझ्या दारात. "वहिनी, तुम्हीच बघा." वर नापास वांग्यांच्या फोडीही माझ्याच गळ्यात. आमची मुलं म्हणायची, आई, आबा मासे आणतात, मग रोज वांग्याचीच भाजी का?

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. आपल्याच शिकारीतला तुकडा आबा कधी तोंडात घालत नसत. मी ताट पाठवलं की परत. "माले शिकारनं वेड शे वहिनी, खावानं नही." मी आपली मनात म्हणे, बरंय, एक तुकडा वाचला.

तर तो आठ किलोचा कटला. उन्हाळ्याचे दिवस. आबांनी तो टबमध्ये ठेवून वर ओलं पोतं टाकलं आणि टब माझ्या ओट्यावर आणून ठेवला. "वहिनी, नजर ठेवा. मी तयार होई येस." आत गेले ते गेलेच. आधी अंघोळीचा आवाज आला, मग रेडिओचा. मी वाकून पाहिलं, तर आरशासमोर दाढी चाललेली! मासा कापायला दाढी? मी म्हटलं, म्हातारा पार गेला कामातून. इकडे ऊन ओट्यावर चढलेलं, मांजर तिसऱ्यांदा फेरी मारून गेलेली. माझ्यातली शहाणी बाई जागी झाली. टब रिक्षात टाकला, नाक्यावरच्या पहिल्या मासळी कापणाऱ्यापुढे ठेवला, म्हटलं, "जल्दी करो." त्यानं लाकडं फोडावीत तसा पाच मिनिटांत फोडला.

परत आले तेव्हा आबा दारात उभे. डोक्याला तेल, अंगात लग्नाकार्यातला पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली नाही.

"आबा, काम फत्ते!" मी.

त्यांनी टबात पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले, त्या पांढऱ्या शर्टानिशी. "आते काय लई जाऊ?"

"कुठे?"

"कडोदऱ्याले. भिकनकडे."

भिकन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. आबांनी त्याला गावाहून आणून संचावर लावला. पंधरा दिवसांत तो पळाला आणि कडोदऱ्याला हायवेच्या कडेला मासळी कापायला बसला. गावी नदीवर आबांची शिकार तोच कापायचा. हात तिथेच रमायचा. आबांनी चार माणसांत सांगून टाकलं, "तुना हातना मासा माले नको!" त्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून मासा बंद.

"मग आजच का?"

"लहान मासा कोनीबी कापस," आबा म्हणाले. "एवढा मोठा त्यालेच जमस. म्हणजे मी त्यानाकडे गयू आसं कोनी म्हणाव नही. मासा गया."

माझी नात हे ऐकून विचारते, "आजी, फोन का नाही केला?" अगं, फोन दोघांच्याही खिशात होता.

मी आबांना उठवलं. तो फोडलेला कटला, आबा आणि मी, असे एका रिक्षातून कडोदऱ्याला गेलो. वाटभर मी बोलले नाही. तेवढ्यापुरती मी त्यांच्या परीक्षेत पास.

भिकन ठोकळ्यामागे बसला होता. त्यानं आबांकडे पाहिलं नाही, टबाकडे पाहिलं. एक तुकडा उचलला, उलटा केला आणि कपाळावर आठ्या आल्या.

"कोन्ही कापं हाई? कुऱ्हाड लिसन बसना व्हता का?"

"तेच म्हणस मी!" आबा उसळले. "काटा देख, काटा! पार भुगा!"

"आसा माणूसले मासा कोन्ही दिन्हा?"

"ह्या वहिनीनी."

मग दोघं भाऊ मिळून त्या नाक्यावरच्या माणसावर तुटून पडले, मधूनमधून माझ्यावरही. आठ वर्षांचं साचलेलं बोलणं त्या कटल्याच्या निमित्तानं वाहत होतं. मी मान खाली घालून ऐकत होते. तितक्या आनंदानं शिव्या मी कधीच खाल्ल्या नाहीत.

मध्येच आबांनी पिशवीतून वांगं काढून ठोकळ्यावर ठेवलं. सवय. भिकननं तोंड बंद केलं. सुरी पुसली आणि वांगं कापलं. आबांनी एक फोड उचलली आणि हायवेवरच्या ट्रककडे तोंड करून बराच वेळ धरून ठेवली. निकाल काही सांगितला नाही.

भिकननं ते तुकडे नीट करून मागच्या चुलीवर तळले. आबा तिथे फळीवर बसून जेवले, काटेसुद्धा चोखून. शर्टावर तेलाचा डाग पडला, तो त्यांना दिसलाही नाही.

परतीच्या रिक्षात रिकामा टब मांडीवर घेऊन ते बाहेर बघत होते. उधना आलं तसं माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, पुढली शिकार बी तुम्हीच कापी आना. आसंच वाटोळं करा."