बोकडाची उडी आणि बारा तत्त्वं

फिलिपिन्समधल्या क्वेझोन सिटीतल्या एका कार्टून स्टुडिओत एकतीस वर्षं चित्रं काढल्यावर एलेउतेरियो माकाराएगला एका नोटिशीने कळवलं, की त्याला ॲनिमेशन येतं की नाही हे तपासावं लागणार आहे. स्टुडिओतले सगळे त्याला कुया, म्हणजे दादा म्हणत. त्याच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

परदेशातल्या गिऱ्हाइकाला म्हणे प्रमाणपत्रवाले कलाकार हवे होते. म्हणून शुक्रवारी परीक्षा. कार्टूनचे दहा तुकडे बघायचे आणि प्रत्येकात ॲनिमेशनच्या बारा तत्त्वांपैकी कुठलं आहे ते लिहायचं. आठ बरोबर आले तर कुयाची तपासनिसाची, म्हणजे इतरांची चित्रं सुधारून देणाऱ्याची खुर्ची राहील, नाहीतर शिकाऊंच्या बाकावर जायचं. परीक्षक होता जेरिको, मालकीण लाक्सामाना मॅडमचा भाचा. सिंगापूरला सहा आठवड्यांचा कोर्स करून आला होता आणि गळ्यातलं ओळखपत्र जेवतानाही काढत नव्हता.

रंगविभागातल्या मारिविकने कुयाची तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं.

"कुया, बघा हं. मी तणतणत निघाले, गपकन थांबले, पण केस मागून हलत राहिले. हे काय झालं?"

"भांडण झालं."

"अहो, तत्त्व सांगा, तत्त्व!"

"हे मी रोज काढतो गं. त्याला नाव असतं हे कुठं माहीत होतं?"

तरी घोकून घोकून शुक्रवारी नऊ तुकड्यांत सात बरोबर आले. दहाव्यावर खुर्ची अडली होती.

दहावा तुकडा लागला. टपाल वाटणारा एक जाडा बोकड कुंपणापाशी येतो, खाली दबतो, तसाच क्षणभर थांबतो आणि मग उडी मारतो. वर्गात हशा पिकला. कुया मात्र पडद्याकडे टक लावून बघत राहिला. तो बोकड त्याचाच होता, बावीस वर्षांपूर्वीचा.

तो काढला त्या दिवशी दुपारच्या खाण्याला तुरोन होते. तळलेल्या केळ्यावरचा साखरेचा पाक कुयाच्या हातून चित्रांवर सांडला आणि उडीचे तीन कागद एकमेकांना चिकटले. कॅमेरावाल्याने ओरडा नको म्हणून वरचाच कागद पुन्हा पुन्हा टिपून भरपाई केली. म्हणून बोकड थांबला होता.

उत्तर काय हवंय ते कुयाला कळत होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवणाऱ्या माणसाला स्वतःची चूक लपवणं जमेना. त्याने लिहिलं, 'पाक.'

जेरिकोने ते मोठ्याने वाचलं. "कुया, ही पूर्वहालचाल आहे. मोठ्या हालचालीआधीची तयारी. चित्रकाराने काय विचार करून थांबवलंय बघा!"

"अरे, चित्रकार मीच. विचार कसला करतोय, मी हात चाटत होतो."

"चित्रकाराला स्वतःला हे नेहमी कळतंच असं नाही," जेरिको समजुतीने म्हणाला.

मारिविक तरातरा जाऊन गोदामातून जुना गठ्ठाच घेऊन आली. तीन कागद अजून चिकटलेले होते आणि मुंग्यांनी बोकडाचं एक शिंग कुरतडलं होतं. परीक्षा बघायला बसलेल्या मॅडमनी चष्मा लावून ते नीट पाहिलं.

"म्हणजे तुमचं दुप्पट चुकलं, कुया," त्या म्हणाल्या. "इतकं छान तत्त्व वापरलंत, आणि ओळखता आलं नाही?"

सोमवारी कुया शिकाऊंच्या बाकावर बसला. वीस वर्षांच्या पोरांबरोबर आपटून दबणाऱ्या चेंडूची चित्रं काढू लागला. त्याच्या खुर्चीत जेरिको. अपमान कुयाला झोंबला होता.

दोन आठवड्यांनी गिऱ्हाइकाचा निरोप आला. नव्या मालिकेतल्या पाणघोड्याला त्या बोकडासारखंच थांबवून उडी मारायला लावा, आणि संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा. खालच्या कलाकारांनी तीनदा काढलं, तिन्ही वेळा पाणघोड्याला पोटदुखी झाल्यासारखं दिसलं. सुधारून द्यायचं काम तपासनिसाचं. जेरिकोने प्रत्येक चित्रावर 'पूर्वहालचाल कमी' एवढंच लिहून परत पाठवलं.

चार वाजता मॅडम स्वतः बाकापाशी आल्या.

"कुया, एवढा पाणघोडा सुधारून द्या."

कुया अदबीने उभा राहिला. "मला कसं येणार, मॅडम? पूर्वहालचाल पुढच्या गुरुवारी आहे. आम्ही अजून चेंडूच दाबतोय."

"टिंगल करू नका. आज कोण काढणार मग?"

"जेरिको सर आहेत ना. त्यांना सगळी तत्त्वं तोंडपाठ आहेत."

मॅडम भाच्याकडे वळल्या. "घे रे पेन्सिल."

जेरिकोने गळ्यातलं ओळखपत्र चाचपलं. "मावशी, माझा कोर्स ओळखायचा होता. काढायचा वेगळा असतो."

मारिविकला हसू आवरेना, तिने रंगाच्या फडक्यात तोंड खुपसलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"कुया, तुमच्या खुर्चीत जाऊन बसा."

"पण मी नापास आहे, मॅडम."

"कोण म्हणतं?"

कुया खुर्चीत जाऊन बसला, दिवा जवळ ओढला आणि पाणघोड्याची पाठ खोडून पुन्हा काढायला लागला. इकडे बाकावर एक जागा रिकामी झाली होती. मॅडमनी भुवया वर नेल्या, छाती भरून श्वास घेतला आणि सावकाश जेरिकोकडे तोंड केलं. ही पूर्वहालचाल मात्र त्याने बरोबर ओळखली आणि त्या बोलायच्या आत मुकाट्याने बाकावर जाऊन बसला.