शंभर मीटरच्या बाहेर

"सीमेवरनं चिटपाखरू आत येऊ दिलं न्हाई, ह्या मतदान केंद्रात कोण परदेशी शिरतोय बघतोच!" रिटायर सुभेदार गुंडा खोतांनी आष्ट्याच्या बाजारात चहाच्या गाड्यावर हे जाहीर केलं, तेव्हाच खरं तर त्यांना कुणीतरी आवरायला हवं होतं. बायकोनं आवरलं असतं. पण मनुबाई स्वतःच सरपंचपदाला उभ्या होत्या आणि घरोघर हात जोडत फिरत होत्या.

त्यांच्या विरोधात हरणाबाई. हरणाबाईंचा मुलगा वीरधवल दुबईला. आता गावाची रीतच अशी, की पोरगं बाहेर कमवायला लागलं की शाळेला काहीतरी द्यायचं आणि त्यावर ठसठशीत नाव घालायचं. वीरधवलनं जरा सढळ हातानं दिलं होतं, इतकंच. आणि मतदान होतं त्याच शाळेत!

आदल्या दिवशी केंद्राध्यक्ष देवदत्त सर मतदान यंत्र घेऊन आले. घाम पुसत पंख्याखाली टेकतात तोच सुभेदार हजर.

"साहेब, उठा! तुमच्या डोक्यावर दुबईचा पैसा फिरतोय!"

सरांनी दचकून वर पाहिलं. सुभेदारांनी बटण बंद केलं. पाती थांबली तशी अक्षरं दिसली. 'हरणाबाईंचे चिरंजीव वीरधवल, दुबई, यांजकडून शाळेस भेट.'

"कागद चिकटवू की नावावर," सर म्हणाले.

"आन् कागद उडाला म्हंजे? बाई मत द्यायला येणार, वर बघणार, नाव वाचणार, बटण दाबून मोकळी! परदेशी पैशानं आमची निवडणूक फिरवायची व्हय? लेखी तक्रार करू का?"

लेखी म्हटल्यावर सर गार! "काढा बाबा. पण उमेदवाराचं नाव असलेलं काही शंभर मीटरच्या आत नको."

पंखे उतरले. मग बाकं, घड्याळ, कपाट, पाण्याची टाकी. शेवटी शाळेची घंटा! सुभेदार एकेक वस्तू उलटीपालटी करायचे आणि नाव दिसलं की घुसखोर धरल्यागत ओरडायचे, "घावला!" मग त्यांनी शंभर मीटर मोजले, चुन्याची रेघ मारली आणि रेघेपलीकडं सगळा माल मांडून ठेवला. फौजी शिस्त! उंचीप्रमाणं रांग आणि नावं सगळी रस्त्याकडं.

गावातनं शाळेला जायची वाट तेवढी एकच होती.

सकाळी जो तो तिथं थबकायला लागला.

"अगं बया! टाकी बी हरणाबाईच्या पोराचीच?" राहीबाई म्हणाली.

"घंटासुदिक! इतकी वर्सं पंखा डोक्यावर फिरतोय, पर फिरत्या पंख्यावरचं कोण वाचतंय?"

"लय दिलंय रं गड्या पोरानं!"

रेघेवर सुभेदार छाती काढून उभे. लोक एवढे आदरानं बघतायत म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपल्याच पहाऱ्याचं कौतुक चाललंय. चष्मा विसरलेल्या दोघाचौघांना तर त्यांनी पुरावा म्हणून नावं वाचूनसुद्धा दाखवली!

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. मनुबाई पडल्या. अशातशा नव्हे, सपाटून पडल्या.

सुभेदार घरी येऊन खुर्चीत बसले. "पंखा लाव गं. लय उकडतंय."

मनुबाई स्टुलावर चढल्या. हातात पाना.

"आगं, काय करतीस?"

"ह्यो पंखा माझ्या भावानं दिलाय. कवठे महांकाळचा पैसा! आन् तुमी बसलाय ती खुर्ची बी माझ्या माहेरची. उठा!"

सुभेदार उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

"आवं, तितं न्हाई!" आतनं आवाज आला. "शंभर मीटरच्या भाईर!"