सबनीस सरांची लेहची तयारी

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत लिफ्ट चालू असतानाही जिन्याने सातवा मजला गाठणारा एकच माणूस आहे, सबनीस सर. तेही पाठीवरच्या सॅकमध्ये दहा किलो गहू घेऊन. हा गहू दळायचा नसतो. तो नुसता वरखाली फिरून येतो.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. समोरच्याच फ्लॅटमध्ये मी, म्हणजे आयती विद्यार्थिनी. ऐरोलीचं ऑफिस करून जीव मेटाकुटीला आलेला असतो आणि सर धापा टाकत मला गाठतात.

"मेघना, ऑक्सिजन कमी पडला की पेशी काय करते? हातपाय गाळून बसते? छे! आधी खर्च कमी करते. तिकडे मूत्रपिंड निरोप धाडतं, हाडांच्या मज्जेत तांबड्या पेशी वाढायला लागतात. दिवस लागतात हं. शरीराला घाई चालत नाही."

पाणी आलं नाही? "पेशी जुळवून घेते." माझ्या सासूबाई महिनाभर राहायला येणार म्हटल्यावरही तेच. एकदा भर मीटिंगमध्ये सेक्रेटरीला म्हणाले, "पेशीत एक प्रथिन असतं. सारखं तयार होतं, सारखं मोडलं जातं. ऑक्सिजन घटला की मात्र टिकतं आणि अख्ख्या पेशीला कामाला लावतं. तुम्ही कधी लागणार कामाला?" विषय पार्किंगचा होता. सेक्रेटरी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

ही सगळी तयारी लेहला जायची. सरांची मुलगी मानसी तिकडे शाळेत शिकवते. तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. सर लग्नाला गेले नाहीत, वर बोलणंही टाकलं. मिसेस होत्या तोवर त्या लपूनछपून फोन करायच्या. त्या गेल्या. आता मानसीला मुलगी झालीय. डॉक्टरांनी हो म्हटलंय, तरी सरांनी दोनदा तिकीट काढून रद्द केलं. काय तर म्हणे, "अजून तयारी नाही."

शेवटी माझी सटकली. "सर, खांदेश्वरच्या सातव्या मजल्यावर हवा विरळ होते का हो? जिने चढून दम वाढेल, पण उंचीची सवय तिकडे गेल्यावरच होणार ना? तुम्हीच शिकवलंत मला!"

"ठाऊक आहे गं," सर म्हणाले आणि गुपचूप घरात गेले. मी जीभ चावली. फार वाईट वाटलं मला.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सर. इस्त्रीचा शर्ट, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा.

"उद्याचं विमान आहे. एक काम कर, अशीच दारात उभी राहा. तू मानसी."

मी उभी राहिले. सरांनी घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आयुष्यभर वर्गात गर्जना केलेला माणूस, पण शब्द फुटेना.

"पहिलं वाक्यच जमत नाही गं. इतके महिने जिन्यात तेच घोकतोय."

मी दार सताड उघडलं आणि म्हटलं, "बाबा, आत या ना. बाळ आत्ताच उठलंय."

डबा छातीशी धरून सर तिथेच ढसाढसा रडले. मग बाहीने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "असंच म्हणेल ना गं ती?"